बुधवारची रात्रपाळी, गुरुवारचं दार

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम कारखान्यात कार्डावर उघडणारं दार बसवायचं ठरलं, की सगळी चर्चा यंत्राभोवती फिरते. रीडर कुठला घ्यायचा, बोटाचा ठसा ठेवायचा की चेहरा, कुलूप किती किलोचा ओढा सोसेल. चौकटीवर ईएम लॉक (विद्युतचुंबकीय कुलूप) आणि दारावर त्याची लोखंडी पट्टी बसते, वायरिंग पूर्ण होतं, दार टक्कन चिकटतं आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. कुणाला कुठल्या वारी किती ते किती वाजेपर्यंत आत सोडायचं, हा तक्ता निघता निघता भरला जातो: सोमवार ते शनिवार, नऊ ते सहा. माझ्या मते सुरक्षा खरी ठरते ती या तक्त्यात. तो यंत्र यायच्या आधी, पाळीत काम करणाऱ्यांना विचारून, कागदावर तयार व्हायला हवा.

एक उदाहरण बारकाईनं पाहू. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रात्रपाळी दहा ते सहा. दार चालवणाऱ्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये एका दिवसाची वेळ मध्यरात्र ओलांडू शकत नाही, म्हणून ही पाळी दोन तुकड्यांत भरावी लागते: २२:०० ते २३:५९ आणि दुसऱ्या दिवशीचे ००:०० ते ०६:००. आता गुरुवार सुट्टीचा म्हणून त्याचे सगळे रकाने रिकामे ठेवले, तर बुधवारी रात्री कामावर आलेला आणि साडेबाराला चहासाठी बाहेर पडलेला कामगार परत आत येऊ शकत नाही. उलट गुरुवारी रात्री पाळीच नसते, तरी शुक्रवारचे पहाटेचे सहा तास खुले राहतात, कारण इतर दिवसांची नक्कल शुक्रवारीही उतरलेली असते. म्हणजे जो कामावर आहे तो बाहेर, आणि कुणीच नको त्या वेळी कार्ड चालू. सणांचंही तेच. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. सुट्ट्यांची यादी दरवर्षी नव्यानं भरावी लागते, आणि तारखेला सुट्टी लावली की आदल्या रात्रीची पाळी मध्यरात्रीच तुटते, हे ती भरणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

असा तक्ता चुकला की माणसं तक्रार करत बसत नाहीत, दाराला अटकाव लावतात. अग्निशामक सिलिंडर किंवा पुठ्ठ्याची जाड घडी फटीत सरकवली, की त्या रात्रीपुरता प्रश्न सुटतो. किंवा सुपरवायझरचं कार्ड हातोहात फिरू लागतं आणि नोंदीत एकच माणूस सगळीकडे दिसतो. दोष कामगारांच्या शिस्तीला दिला जातो, पण त्यांनी फक्त काम चालू ठेवलेलं असतं. साध्या कुलपाची किल्ली निदान कुणाकडे आहे हे माहीत असतं. इथे दार बंद आहे अशा भरवशावर सगळे निर्धास्त राहतात.

यावर कुणी म्हणेल, मग एवढी कटकट कशाला, सगळ्यांना चोवीस तास मोकळीक द्या आणि कॅमेरा ठेवा. पण हरवलेलं कार्ड कुणाच्या हाती लागलं तर रात्री दोन वाजता त्यानं स्टोअर उघडू नये, एवढं काम कॅमेरा करत नाही. तो नंतर दाखवतो. गेटवरचा वॉचमन चेहरे ओळखतो, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. यंत्राला न कळणारं पुष्कळ त्याला कळतं. मात्र वॉचमन कंत्राटावर असतो, बदलतो, आणि अडवलेल्या माणसाच्या दबावापुढे एकटा पडतो. त्याला दार उघडण्याचा अधिकार द्यावा, फक्त कुणासाठी आणि का उघडलं ते लिहिलं जावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत हजारो लोक रात्रभर कचेऱ्यांत अडकले. अशी रात्र कुठल्याच तक्त्यात आधी भरता येत नाही; ती निभावायला जागेवर अधिकार असलेला माणूस लागतो. सकाळी नऊला मुख्य दार आपोआप मोकळं करण्याची सोयही याच कारणानं जपून वापरावी: पहिलं अधिकृत कार्ड लागल्याशिवाय ते मोकळं होऊ नये, नाहीतर कुणीच न पोचलेल्या दिवशी रिकामी कचेरी उघडी पडेल.

वेळेचं बंधन आत येण्यावर असावं, बाहेर जाण्यावर कधीच नाही. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली तेव्हा जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. त्या आगीत १४६ जण गेले. ईएम लॉक वीज असेपर्यंतच धरून राहतं, म्हणून फायर अलार्मनं त्याची वीज थेट तोडली पाहिजे, सॉफ्टवेअरच्या मध्यस्थीशिवाय. आतल्या बाजूचा आणीबाणीचा हिरवा डबाही तसाच. तो खरोखर चालतो का, हे दार ताब्यात घेताना प्रत्येकानं स्वतः दाबून पाहावं.

कामगारांवर पाळत ठेवण्याची भीती खरी आहे. लेट मार्कसाठी हजेरीचं यंत्र असतंच, दाराच्या नोंदी त्यात ओतू नयेत, आणि त्या किती दिवस ठेवणार हे आधी सांगावं. नोंदींचा सर्वात चांगला उपयोग वेगळाच आहे. पहिला महिनाभर रोज सकाळी नाकारलेल्या कार्डांची यादी वाचावी. साडेसहाला येणाऱ्या हाऊसकीपिंगच्या बाईंचं कार्ड रोज लाल दाखवत असेल, तर त्यांना बोलावून जाब विचारण्याआधी तक्ता उघडून त्यांची वेळ दुरुस्त करावी.