जव्हार-मोखाड्याचा वारा आणि पवनचक्कीची वीज

जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या डोंगरमाथ्यांवर पावसाळ्यांत वारा किती जोराचा असतो, हें तेथील शेतकरी बंधूंस सांगावयास नको. सूर्यमाळच्या बाजूस श्रावणांत इरलें सांभाळीत चार पावलें चालावें म्हणजे प्रत्यय येतो. हा वारा फुकट कां जाऊं द्यावा, त्याची वीज कां करूं नये, हा प्रश्न साहजिक आहे. मात्र त्याचें उत्तर चक्कीची रचना समजल्यावांचून देतां येत नाहीं.

पवनचक्कीचें पातें वाऱ्यानें नुसतें ढकललें जात नाहीं. त्याचा आकार पक्ष्याच्या पंखासारखा असतो. दोन्ही अंगांनीं जाणाऱ्या वाऱ्याच्या दाबांत फरक पडून तें ओढलें जातें व फिरूं लागतें. मोठ्या चक्कीचीं तीन पातीं मिनिटास पंधरा-वीस फेरेच घेतात. बहुतेक चक्क्यांत दंतचक्रांच्या पेटीनें ही गति सुमारें शंभरपट वाढवून जनित्रास दिली जाते, व तेथें वीज उत्पन्न होते.

एक हिशेब मात्र पक्का ध्यानांत धरावा. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्यांतील शक्ति निम्मी न राहतां अष्टमांशावर येते. ताशीं दहा-बारा किलोमीटरांहून मंद वाऱ्यावर मोठी चक्की वीज देत नाहीं. वेग नव्वदीच्या घरांत गेला तर मोडतोड टाळण्यासाठीं ती थांबवावी लागते.

महाराष्ट्रांत वाऱ्याच्या विजेचें उत्पन्न मुख्यत्वें मे ते सप्टेंबर या महिन्यांत होतें. आमच्या मतें आपल्या भागाची खरी अडचण हीच आहे. येथें पाऊस उदंड पडतो, पण उतारावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यांत पाड्यापाड्यांस टँकरनें पाणी पुरवावें लागतें. मोगऱ्याच्या बागेस पाणी हवें तेव्हां वारा मंदावलेला, आणि वारा घोंगावतो तेव्हां विहिरी तुडुंब! म्हणून एकट्यादुकट्या चक्कीच्या भरंवशावर बागायत करण्याचा सल्ला आम्ही देत नाहीं. त्या कामास सौर पंप बरा, कारण ऊन व तहान एकाच ऋतूंत वाढतात. वाऱ्याची वीज शोभते ती मोठ्या वाहिनींत. ढगांमुळें सूर्याची वीज घटते तेव्हां ती भर घालते.

सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावर अशा चक्क्या अनेक वर्षें उभ्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मारिया ठाकर व सहकारी यांचा तेथील अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागांत शिकारी पक्षी इतर भागाच्या मानानें सुमारें एकचतुर्थांश आढळले व सरडे वाढलेले दिसले. सरड्यांशीं आपणांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु यांतील कांहीं पक्षी उंदीरही खातात, आणि नागलीच्या खळ्यावर उंदीर काय करतात तें सर्वांस ठाऊक आहे.

याहून मोठी हानि पात्यांनीं नव्हे, रस्त्यांनीं होते. चाळीस-पन्नास मीटर लांबीचें पातें माथ्यावर न्यावयाचें तर डोंगर कापून रुंद रस्ता काढावा लागतो. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यांत असें झालें. कच्च्या, उभ्या चढाच्या रस्त्यांमुळें माती घसरून राडारोडा सुपीक शेतांत गेल्याचें माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें २०११ च्या अहवालांत नोंदविलें. जव्हार-मोखाड्याच्या मुसळधार पावसांत असा उघडा काप खालच्या भातखाचरांचें काय करील, याचा अंदाज प्रत्येकानें आपल्या बांधावरून घ्यावा.

जमिनीसंबंधीं दोन शब्द. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें मिळालेला वनपट्टा वारसांस जातो, पण विकतां किंवा दुसऱ्यास देतां येत नाहीं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस भाड्यानें देण्यासही सरकारी पूर्वपरवानगी लागते. कोणी करारनामा घेऊन दारीं आल्यास अंगठा वा सही देण्यापूर्वीं तो ग्रामसभेपुढें वाचवून घ्यावा. माथ्यावर निदान वर्षभर वारा मोजला आहे काय, रस्त्याच्या पाण्यास चर कोण काढणार, आणि मोबदला ठोक कीं विजेच्या उत्पन्नावर, हें लेखी मागावें. कोपनहेगनजवळच्या समुद्रांत २००० सालीं वीस चक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतील दहा एका सहकारी मंडळीच्या मालकीच्या असून तिचे सभासद आठ हजारांहून अधिक होते. त्यांस भाडें नव्हे, विजेच्या विक्रींतला वांटा मिळे.