शाळेच्या अंगणांतील छायायंत्र

गेल्या वर्षीं आमच्या हायस्कुलाच्या अंगणांत, विहिरीच्या अलीकडे, नववीच्या वर्गानें एक छायायंत्र बसविलें. शहाबादी फरशी जडविलेला ओटा, त्यावर पितळेचा एक त्रिकोणी पत्रा आणि फरशीवर कोरलेल्या तासांच्या रेषा, एवढेंच त्याचें स्वरूप. परंतु तें बसवितांना मुलें चुना कालवितात, दोऱ्या ताणतात आणि भर दुपारीं उन्हांत उभीं राहतात, हें पाहून कित्येक पालकांनीं आम्हां शिक्षकांस विचारलें कीं, हाच वेळ गणिताच्या व भूगोलाच्या पुस्तकांस दिला असता तर अधिक बरें झालें नसतें काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर तत्त्वचर्चेनें देण्यापेक्षां त्या यंत्राची हकीकतच सांगावी, असें आम्हांस वाटतें.

अनेकांनीं मिळून एखादें खरें काम हातीं घ्यावयाचें व त्यांतूनच विषय शिकावयाचा, यास शिक्षणशास्त्रांत प्रकल्प-पद्धति म्हणतात. अमेरिकेंतील अध्यापक विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं याच नांवाचा निबंध प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून तें नांव सर्वतोमुखीं झालें. आपल्या देशांत पंजाबांतील मोगा येथील मिशन शाळेनें पुढील दशकांत ही पद्धति खेड्यांतील मुलांस लावून दाखविली. आणि १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या परिषदेनें हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया मानला. तेव्हां कल्पना नवीन नव्हे. ती चालवितांना शिक्षकाची किती त्रेधा उडते, हें मात्र आम्हांस नवीन होतें.

छायायंत्रास प्रथम खरी उत्तर दिशा लागते. मुलांनीं तीन होकायंत्रें आणलीं, तर तिन्हींच्या सुया तीन बाजूंस! जवळच्या पडवीचे लोखंडी खांब हें त्याचें कारण होतें. म्हणून जुनी, सूर्यसिद्धांतांत सांगितलेली रीति घेतली. जमीन पाणसळ लावून सपाट केली, मध्यें ओळंब्यानें एक काठी उभी केली आणि तिच्याभोंवतीं दोरीनें वर्तुळ काढलें. सकाळीं काठीच्या छायेचें टोंक जेथें वर्तुळांत शिरतें आणि दुपारनंतर जेथें बाहेर पडतें, त्या दोन खुणा जोडल्या कीं पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिजवर लंब काढला कीं दक्षिणोत्तर रेषा. भूमितींतील ज्या प्रमेयास मुलें एरव्हीं कंटाळतात, तें येथें त्यांनीं आपण होऊन पुस्तकांतून शोधून काढलें.

यानंतर पत्रा. त्याची तिरपी कड पृथ्वीच्या आंसास समांतर असावी लागते, म्हणून तिचा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका ठेवतात. जयपूरच्या सम्राटयंत्राचा प्रचंड जिना २७ अंशांवर चढतो, कारण जयपूर तितक्या अक्षांशावर आहे. आमचें पुणें सुमारें साडेअठरा अंशांवर, म्हणून आमचा पत्रा बराच निजलेला. येथवर सर्व सुरळीत झालें. मग तासांच्या रेषा आंखतांना वर्गानें पहिली मोठी चूक केली. सूर्य ताशीं १५ अंश फिरतो, म्हणून मुलांनीं कागदावर पंधरा-पंधरा अंशांच्या सारख्या रेषा ओढल्या व कागद फरशीवर पसरला. दुपारीं दोन वाजतां छाया एकाच्या रेषेपर्यंतही पोंचली नाहीं.

आम्ही कांहीं बोललों नाहीं. दोन दिवस वाद चालला. अखेरीस एका मुलीनें पुठ्ठ्याची चकती कापली, तिजवर चोवीस सारखे भाग पाडले, मधून विणकामाची सुई घातली आणि ती सुई पत्र्याच्या कडेप्रमाणें तिरपी धरली. चकतीवर छाया सारखी सरके; परंतु चकतीवरील रेषा दोऱ्यांनीं खालच्या टेबलापर्यंत वाढविल्या, तों तेथें त्यांचीं अंतरें विषम पडलीं! हिशेबानेंही तेंच आलें: माध्यान्हाच्या रेषेपासून एकाची रेषा सुमारें ५ अंशांवर, दोनची साडेदहावर, तीनची साडेसतरावर, चारची २९ वर, पांचची ५० वर आणि सहाची थेट ९० वर. त्रिकोणमितीचीं कोष्टकें पाहण्याची घाई मुलांस झालेली आम्हीं त्याच आठवड्यांत प्रथम पाहिली.

खरी परीक्षा पुढेंच होती. छायायंत्र दाखवितें ती त्या गांवची सूर्याची वेळ. आपलीं घड्याळें चालतात तीं ८२॥ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर, जी १९०६ सालापासून आपल्या देशाची प्रमाण वेळ आहे. पुण्याचा रेखांश ७३ अंश ५१ कला. अंतर ८ अंश ३९ कला. दर अंशास ४ मिनिटें धरलीं तर पुण्याचा माध्यान्ह घड्याळाच्या १२ वाजून ३४॥ मिनिटांनीं व्हावा. हें गणित चार मुलांनीं वेगवेगळें केलें व चौघांचेंही जुळलें. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत पत्र्याची छाया बाराच्या रेषेवर आली, तेव्हां घड्याळांत १२ वाजून १८ मिनिटें झालीं होतीं. सोळा-सतरा मिनिटांची तफावत!

चुना अजून ओला होता. कांहीं मुलांनीं सुचविलें कीं, पत्रा थोडासा वळवावा म्हणजे उत्तर बरोबर येईल. पाहुण्यांसमोर यंत्र चुकलेलें दिसणें बरें नव्हे. त्यांत खोटेपणा करण्याचा त्यांचा हेतु नव्हता. गणित पुस्तकांतील, तेव्हां तें खरें. यंत्र आपल्या हातचें, तेव्हां तेंच चुकलें असणार, असा त्यांचा सरळ समज होता. टिपणवही ज्या मुलीकडे होती तिनें मात्र हरकत घेतली. "दिशा आपण काठीनें दोनदां तपासली आहे. आतां पत्रा वळवला तर उत्तर दिशा खोटी होईल," असें ती म्हणाली. वर्गांत दोन तट पडले. शेवटीं ठरलें तें असें कीं, पत्र्यास हात लावावयाचा नाहीं. पाळीपाळीनें दररोज माध्यान्हाची वेळ टिपावयाची आणि आंकडा येईल तोच लिहावयाचा.

हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. रविवारीं, सणावारीं, नाताळच्या सुट्टींतही कोणी ना कोणी यावें लागे. डिसेंबरच्या आरंभीं २३ मिनिटें, मध्यास ३०, आणि नाताळच्या दिवशीं, उपासना आटोपून आलेल्या तिघां मुलांनीं टिपलें तें बरोबर १२ वाजून ३४॥! केवढा आनंद झाला! ओटा बसत बसत ठीक झाला, असें सर्वांनीं मानलें. परंतु आंकडा तेथें थांबला नाहीं. जानेवारीच्या मध्यास तो ४४ झाला. आतां मात्र ओटा बांधणाऱ्या मुलांवर रोष आला; त्यांचें काम कच्चें, पाया खचला, असें उघड बोललें जाऊं लागलें. त्यांतील एकाचे वडील गवंडीकाम करतात. त्या मुलास तें फार लागलें. त्यानें घरून ओळंबा व पाणसळ आणली आणि साऱ्या वर्गादेखत ओटा तपासून दाखविला. तो केसभरही हलला नव्हता.

मग दोष कोणाचा? वहींतील शंभर दिवसांचे आंकडे आलेख-कागदावर मांडले, तेव्हां एक सलग वळणदार रेषा उमटली. पाया खचला असता तर ती अशी संथ चढली नसती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत ती ४९ मिनिटांवर जाऊन टेकली व हळूहळू उतरूं लागली. त्या दिवशीं आम्हीं तोंड उघडलें. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे. जानेवारीच्या आरंभीं ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते व त्या सुमारास अधिक वेगानें धांवते. शिवाय तिचा आंस साडेतेवीस अंश कललेला. या दोन कारणांनीं एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा काळ नेहमीं बरोबर चोवीस तास नसतो. डिसेंबरच्या अखेरीस तो सुमारें अर्ध्या मिनिटानें अधिक असतो. हे सेकंद सांचत सांचत नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अर्धा तास होतो. घड्याळें चालतात तीं एका सरासरी, कल्पित सूर्यावर. मुलांचें ३४॥ चुकलें नव्हतें. तें वर्षाचें सरासरी उत्तर होतें. १८ ही चुकले नव्हते. ओटा तर मुळींच चुकला नव्हता. गवंड्याच्या मुलाची क्षमा वर्गानें मागितली, ती आमच्या सांगण्यावांचून.

हें सर्व आम्हांस प्रथमपासून ठाऊक असतां आम्ही तीन महिने गप्प राहिलों, हें आमच्या एका सहकाऱ्यांस पटलें नाहीं. त्या मुलास विनाकारण बोल सोसावे लागले, हें त्यांचें म्हणणें आम्हांस अजूनही खटकतें. पुन्हां प्रसंग आला तर कदाचित् आम्ही थोडें आधीं बोलूं. परंतु नोव्हेंबरांतच सांगून टाकलें असतें तर तें वहींत एक ओळ होऊन राहिलें असतें, असेंही वाटतें.

आमच्या हातून दुसरीही एक चूक झाली. कामाची वाटणी करतांना मुलींच्या हातीं वही आणि मुलांच्या हातीं थापी, असें आम्हीं नकळत केलें. तिसऱ्या आठवड्यांत दोघी मुलींनींच येऊन थापी मागितली, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. तसेंच, तीन-चार विद्यार्थी शेवटपर्यंत केवळ बघे राहिले, हें पालकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. समुदायाच्या कामांत आळसास आडोसाही मिळतो. त्यावर निश्चित उपाय आम्हांस सांपडलेला नाहीं. पाळीचा तक्ता भिंतीवर लावल्यानें थोडा उपयोग झाला, इतकेंच.

यंदाच्या नववीनें वही पुढें चालविली आहे. त्यांचा विचार ओट्याशेजारीं वर्षभराच्या अंतराचा तक्ता दगडांत कोरावयाचा आहे. पावसाळ्यांतील ढगांमुळें जून ते सप्टेंबरचे पुष्कळ आंकडे रिकामे आहेत, ते भरूं शकले तर. मेच्या मध्यास, सुमारें १३-१४ तारखेस, पुण्यांत सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची छाया नाहींशी होते. शाळेस तेव्हां सुट्टी असली तरी अंगणाचें फाटक उघडें ठेवूं. ज्या पालकांस पाहावयाचें असेल त्यांनीं सव्वाबारापर्यंत यावें. छाया जाईल ती घड्याळाच्या १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास. घड्याळ बरोबर आणल्यास मुलें तेंही ताडून पाहतील.