सोंगणीआधी विळ्याची मूठ बघा
सोयाबीन सोंगणी तोंडावर आली. धार सगळेच लावतात, मुठीकडे कोणी बघत नाही. हात सोलतो अन् विळा निसटतो तो बऱ्याचदा मुठीमुळंच.

पात्याला गोणपाट गुंडाळा अन् मूठ हलवून बघा. हलत असेल तर वरून काही गुंडाळू नका. सैलपणा नुसता झाकला जातो, पातं ऐन कामात निघतं. लोहाराकडून पक्की करून घ्या.

मूठ पक्की असेल तर कंगोरे आणि वर आलेला खिळा कानसीनं घासा. बारीक मूठ जास्त आवळावी लागते, मग मनगट भरून येतं. जुन्या सायकल ट्यूबची बोटभर पट्टी ताणून, अर्धी अर्धीवर चढवत गुंडाळा. टोकाला दोन-तीन वेढे जादा द्या, हात घसरत नाही. चिंधी नको, घामानं भिजून सरकते.

बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकावीत, रुतली तर मूठ बारीक. बायांचा हात लहान असेल तर एकच थर पुरे; पुरुषांचा विळा त्यांच्या हाती देऊ नका.

कापलंच तर जखम साबण-पाण्यानं धुवा, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी