बंद दफ्तराचा इतिहासकार

ब्रिटनची अंतर्गत सुरक्षा सांभाळणारी ‘एमआय-५’ आणि परदेशात हेरगिरी करणारी ‘एमआय-६’ या दोन्ही संस्थांचे मूळ १९०९ साली स्थापन झालेल्या एकाच कचेरीत आहे. कायद्याच्या पुस्तकात मात्र पहिलीचे नाव १९८९ साली आले आणि दुसरीचे १९९४ साली. मधली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे या संस्था पगार वाटत होत्या, माणसे नेमत होत्या, फायली साठवत होत्या. फक्त सरकार त्यांच्याविषयी बोलत नव्हते. अशा संस्थांचा इतिहास लिहिणे हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे पटवून देण्यात केंब्रिजचे प्राध्यापक ख्रिस्तोफर अँड्र्यू यांचा वाटा मोठा आहे.

१९८४ साली डेव्हिड डिल्क्स यांच्यासह त्यांनी ‘द मिसिंग डायमेन्शन’ हा लेखसंग्रह संपादित केला. विसाव्या शतकाच्या राजकारणाचे आणि युद्धांचे जे चित्र इतिहासकार रंगवतात, त्यात गुप्तवार्तेची बाजूच गाळलेली असते, हे त्याचे म्हणणे. याला दाखला हाताशी होता. जर्मनांच्या ‘एनिग्मा’ या संकेतयंत्राचे संदेश ब्रिटिशांनी युद्धकाळात उलगडले होते, पण ही गोष्ट ब्रिटिश वाचकांना उघडपणे कळली १९७४ साली. तोवर लिहिला गेलेला दुसऱ्या महायुद्धाचा जवळजवळ प्रत्येक इतिहास सेनापतींच्या हुशारीला किंवा नशिबाला असे श्रेय देत होता, ज्यातले काही तरी ब्लेचली पार्क या संकेत उलगडणाऱ्या केंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांचे होते.

१९८५ साली अँड्र्यू यांचा ‘सीक्रेट सर्व्हिस’ हा ग्रंथ आला. हेरखात्यांचे दफ्तर तेव्हा बंदच होते. पण सरकारी कागद एकाच जागी राहत नाही, हे कोणताही कारकून सांगेल. एका खात्याने निवडून काढून टाकलेल्या कागदाची प्रत दुसऱ्या खात्याच्या फायलीत पडून असते. मंत्र्यांच्या खासगी पत्रांत आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या रोजनिशीत उरलेले सापडते. ही पद्धत चिकाटीची खरी, पण तिने चित्र पुरे होत नाही.

मोठे घबाड आले ते रशियातून. वासिली मित्रोखिन हे सोव्हिएत हेरसंस्था ‘केजीबी’च्या परदेशी हेरगिरी विभागाचे दफ्तरदार. १९७२पासून हे दफ्तर मॉस्कोतील लुब्यांका इमारतीतून शहराबाहेर यासेनेवो येथे हलवण्याचे काम सुरू झाले आणि देखरेख मित्रोखिन यांच्याकडे होती. पुढची दहाबारा वर्षे ते फायलींवरून टिपणे काढत राहिले आणि ती गावच्या घरात जमिनीखाली पुरत राहिले. १९९२ साली त्यांनी एका बाल्टिक देशातील ब्रिटिश वकिलात गाठली. या टिपणांवर अँड्र्यू यांनी त्यांच्याबरोबर लिहिलेला पहिला खंड १९९९ साली निघाला आणि मेलिटा नॉरवुड ही ८७ वर्षांची ब्रिटिश आजी अणुसंशोधनाची माहिती सोव्हिएत संघाला पुरवत होती, हे जगाला कळले.

२००५ सालच्या दुसऱ्या खंडात भारतावर दोन प्रकरणे आहेत. ‘केजीबी’च्या नोंदींप्रमाणे एकट्या १९७२ साली भारतीय वृत्तपत्रांत तिने ३,७८९ लेख छापून आणले, असे त्यात म्हटले आहे. यावरून दिल्लीत बरीच राळ उडाली. हा आकडा वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते: तो हेरखात्याने स्वतःच्या वरिष्ठांना कळवलेला आहे, आणि कामगिरी फुगवून सांगण्याची सवय कोणत्याही देशाच्या कचेरीला नवी नाही.

दुसरे मोठे काम याहून अवघड होते. ‘एमआय-५’ने शताब्दीसाठी आपला अधिकृत इतिहास लिहिण्याचे काम अँड्र्यू यांच्याकडे सोपवले. त्यासाठी ते काही वर्षे संस्थेचे अर्धवेळ सदस्य झाले आणि सुमारे चार लाख फायलींचे दार त्यांना उघडले. ‘द डिफेन्स ऑफ द रेल्म’ हा हजारावर पानांचा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्यावर संस्थेने खोट्या नावाने फाईल ठेवली होती, ही कबुली त्यात आहे. मात्र त्यांना पाडण्याचा संस्थेचा कट होता, या जुन्या आरोपाला आधार नाही, असा निर्वाळाही आहे.

आक्षेप तळटिपांवर आला. त्यांत ठिकठिकाणी नुसते ‘संस्थेचे दफ्तर’ असे लिहिलेले. तो कागद पडताळून पाहायला दुसऱ्या अभ्यासकाला आत जाता येत नाही. ज्या संस्थेची झाडाझडती घ्यायची तिचेच सदस्य व्हायचे, हेही अनेकांना खटकले. आक्षेप रास्त आहे. पण सरकारच्या सांगण्यावरून केलेली एक काटछाट आपल्याला समर्थनीय वाटत नाही, हे अँड्र्यू यांनी प्रस्तावनेतच छापले आहे. अधिकृत इतिहासकाराला एवढे लिहू दिले जाणे हेही सहसा घडत नाही.

या इतिहासाची एक शाखा मुंबईला येऊन मिळते. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायली यांना ठार केले. भारतीय विद्यार्थ्यांच्या ‘इंडिया हाऊस’ या वसतिगृहातील सावरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर नजर ठेवण्याची निकड त्यानंतर वाढली, आणि मुंबई पोलिसांतील जॉन वॉलिंजर यांना लंडनला पाठवण्यात आले. त्यांच्या कचेरीतून पुढे ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’ उभी राहिली. पहिल्या महायुद्धात वॉलिंजर यांनी सॉमरसेट मॉम या लेखकाला हेर म्हणून घेतले. मॉम यांच्या हेरकथांतला वरिष्ठ अधिकारी ‘आर’ वॉलिंजर यांच्यावरूनच बेतलेला मानला जातो. रिचर्ड पॉपलवेल यांनी १९९५ साली या वसाहती हेरखात्यावर ग्रंथ लिहिला. अँड्र्यू यांच्या हाताखाली काम केलेले कॅल्डर वॉल्टन यांनी २०१३ साली साम्राज्य आवरते घेण्याच्या काळातील हेरगिरीवर लिहिले. ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’चे कागद आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचता येतात.

मित्रोखिन यांच्या टिपणांचे दफ्तर मात्र पुरते उघडले नाही. ते केंब्रिजच्या चर्चिल अर्काइव्हज सेंटरमध्ये आहे. २०१४ साली त्यातल्या टंकलिखित रशियन प्रतींच्या १९ पेट्या अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या. हस्तलिखित मूळ टिपणे त्यांत नाहीत. ती बंदच ठेवण्यात आली.