पगारावरील कर आणि मंठाळचा मजूर

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की पगारातून होणाऱ्या कपातीवर सवलत मिळावी अशी मागणी होते, आणि निवडणूक दृष्टिपथात असली तर ती मान्यही होते. सभागृहात बाके वाजतात, नोकरदारांच्या घरी वर्षाकाठी चार पैसे वाचल्याचे समाधान होते, आणि प्रश्न सुटला असे सर्वच जण धरून चालतात. श्रमिकाच्या पगारावरील कर कमी होऊ नये असे आम्हीही म्हणत नाही. परंतु कोणाचा कर कमी झाला, कोणाचा तसाच राहिला, आणि त्या पैशावर आजवर कोणाची चूल पेटत होती, हे विचारल्यावाचून सवलतीचा न्याय ठरत नाही.

हा हिशेब राजधानीपेक्षा सीमेवर अधिक स्वच्छ दिसतो. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मंठाळ हे गाव घ्या. निजामाच्या राज्यातला हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला. सीमेच्या अलीकडे महाराष्ट्राचे उमरगा, निलंगा आणि उदगीर हे तालुके. दोन्हीकडचा पाऊस सारखाच लहरी, तुरीचे पीक तेच आणि घराघरांतली मराठीही तीच. फरक आहे तो कायद्याचा.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र हादरला, तेव्हा वि. स. पागे यांनी आधीच मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्याने उचलून धरली. मागेल त्याला काम द्यावयाचे तर पैसा कोठून आणावयाचा? उत्तर म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या कारकुनाने, शिक्षकाने, वकिलाने आपल्या मिळकतीतून थोडे द्यावे, शासनाने तेवढीच भर घालावी आणि त्यातून पाझर तलाव, बंधारे व रस्ते व्हावेत, अशी ती योजना होती. १९७७ साली हमीचा स्वतंत्र कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पगार असलेल्याने पगार नसलेल्याशी केलेला हा एक करारच होता.

कर्नाटकानेही १९७६ साली व्यवसाय कराचा कायदा केला. कर तर आला. परंतु कामाचा कायदेशीर हक्क मंठाळच्या मजुराच्या हाती पडला तो २ फेब्रुवारी २००६ रोजी, केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यातील दोनशे जिल्ह्यांत बिदर व गुलबर्गा यांचा समावेश झाला तेव्हा. उमरग्याच्या मजुरापेक्षा त्याला सत्तावीस वर्षे अधिक वाट पाहावी लागली.

आता सवलतीची गोष्ट पाहू. २०२३ साली कर्नाटकाने व्यवसाय कराची किमान मर्यादा मासिक पंधरा हजारांवरून पंचवीस हजार रुपयांवर नेली. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला माफी दिली, पण ती केवळ स्त्रियांना. पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांच्या वर गेला की वर्षाचे अडीच हजार रुपये कापले जाणे चालूच राहिले. म्हणजे बसवकल्याणात बारा हजारांवर राबणारा पुरुष करमुक्त, आणि सीमा ओलांडून उमरग्यात तेवढ्याच पगारावर राबणारा करदाता! स्त्रियांना दिलेल्या माफीचे आम्ही स्वागतच करतो. मात्र गरिबीची व्याख्या करताना शासनाने लिंगभेद का करावा, हे आम्हांस उमगत नाही.

याहून मोठा अन्याय वरच्या टोकाला आहे. मासिक बारा हजार मिळविणारा पुरुष अडीच हजार भरतो, तेव्हा त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास रक्कम जाते. मासिक दोन लाख मिळविणारा अधिकारीही अडीच हजारच भरतो. त्याच्या उत्पन्नाशी हे प्रमाण एक दशांश टक्का पडते. हा दोष एकट्या राज्याचा नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय करावर घातलेली वार्षिक अडीचशे रुपयांची मर्यादा १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने अडीच हजारांवर नेण्यात आली, आणि तेथेच ती थिजली. चौदाव्या वित्त आयोगाने ती बारा हजारांवर आणि पंधराव्या आयोगाने अठरा हजारांवर न्यावी असे सुचविले. खालच्यांना माफी देण्यात टाळ्या मिळतात; वरच्यांकडून अधिक मागण्यात त्या मिळत नाहीत. राजकारणाचे गणित असे सोपे आहे.

कर आणि वर्गणी यांची गल्लत करून सवलतीचा डांगोरा पिटला जातो, हेही येथे सांगणे अगत्याचे आहे. जुलै २०१९ मध्ये कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आली. या अडीच टक्क्यांपैकी दीड टक्का मालकांच्या पदरात पडला आणि एक टक्का कामगारांच्या. २०२० साली टाळेबंदीच्या काळात मे ते जुलै असे तीन महिने भविष्य निर्वाह निधीची वर्गणी बारा टक्क्यांवरून दहा टक्के करण्यात आली. हातात येणारी रक्कम वाढली खरी, परंतु ती कामगाराच्याच म्हातारपणच्या शिदोरीतून काढलेली होती. अडचणीच्या वेळी तिचा उपयोग झाला असेल. तिला करमाफी म्हणणे मात्र दिशाभूल आहे.

व्यवसाय कर मुळात किरकोळ, तो वसूल करण्यातच लहान मालकांची दमछाक होते, तेव्हा तो रद्दच का करू नये, असे काही जण म्हणतात. त्यातून जमलेला पैसा रोजगाराच्या कामी पुरता लागत नाही, ही तक्रारही जुनी आहे. दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. पण कर रद्द झाल्यास त्याचा लाभ ज्याच्याजवळ पगारपत्रक आहे त्यालाच होईल. मंठाळहून पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादेला बांधकामावर जाणाऱ्या मजुराजवळ ते नसतेच. प्रत्येक खरेदीत अप्रत्यक्ष कर भरूनही या सवलतीत त्याचा वाटा शून्य. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात हमीचे दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के भार पडला. राज्याची तिजोरी रिती झाली तर ते दिवस कागदावरच राहतील.

मंठाळच्या तालुक्याचे गाव जे कल्याण, तेथे बाराव्या शतकात बिज्जळाच्या कोषाचा कारभार पाहणाऱ्या बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे जोडीने सांगितली. प्रत्येकाने श्रम करावेत आणि त्या श्रमाच्या फळातून समाजाचा वाटा काढावा. व्यवसाय कराचा मूळ हेतू याहून फार वेगळा नव्हता.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. महाराष्ट्राने पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला स्त्री-पुरुष भेद न करता माफी द्यावी. केंद्राने २७६ व्या कलमातील मर्यादा वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे वाढवावी, म्हणजे या माफीची भरपाई सुस्थितीतल्यांकडून होईल. आणि करातून जमलेला प्रत्येक रुपया रोजगाराच्या कामावर लागला की नाही, याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवला जावा. पगारदाराचा भार हलका करताना बिनपगारी मजुराचे काम हिरावले जाणार असेल, तर अशा सवलतीला आम्ही न्याय म्हणणार नाही.