इकडे सुरळीत, तिकडे अडखळत

लांबच्या मित्रांना स्क्रीन शेअर करून सिनेमा दाखवला, की त्यांच्याकडे तो हमखास अडखळतो. (पडदा पूर्ण काळा दिसला तर बिघाड शोधू नका, ते ओटीटीने चोरीविरुद्ध घातलेलं कुलूप असतं.)

सिनेमात सहसा सेकंदाला 24 चित्रं असतात. स्क्रीन शेअरिंग मात्र ऑफिसातल्या तक्त्यांसाठी घडलेलं. ते दर वेळी अख्खं चित्र पाठवत नाही. रंग उडाला तेवढ्याच जागी ब्रश फिरवणाऱ्या रंगाऱ्यासारखं, फक्त बदललेला भाग पाठवतं. तक्त्यात बदल थोडे. पाठलागाच्या दृश्यात सगळंच हलतं, काम तुंबतं. मग अक्षरं ठळक ठेवायच्या सवयीने ते मधली चित्रंच गाळतं.

झूममध्ये शेअर करताना व्हिडिओसाठीचा पर्याय निवडावा: स्पष्टपणा थोडा घटतो, हालचाल सलग होते. आवाज शेअर करायची खूणही तिथेच असते. ती राहिली, तर मूकपट.