नवी रायफल घेण्याआधी

लातूरला एनसीसीत असलेल्या आमच्या भाचीने फायरिंगचं कार्ड घरी आणलं. पाचही छिद्रं चहाच्या कपाच्या बुडाखाली झाकली जात होती. "मामू, मला स्वतःची रायफल हवी," ती म्हणाली. नानींनी लगेच दटावलं, "आपल्या घरात बंदुकीचं नाव कशाला? उद्या कोणी काही बोललं तर?"

नानींची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून आधी नीट माहिती घ्यायची, असं आम्ही ठरवलं. आमचे एक स्नेही परवानाधारक नेमबाज आहेत. ते पुण्याच्या एका रेंजवर नवी पॉइंट टू टू रायफल तपासणार होते. नांदेडहून आम्ही निघालो, लातूरला भाचीला सोबत घेतलं.

या रायफलचं काडतूस लहान असतं. पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आदळते. शिशाची गोळी 5.6 मिलिमीटरची. पण लहान म्हणून बेफिकीर राहू नये, ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. रेंजवर पहिला धडा तोच मिळाला: हुकूम होईपर्यंत बोट ट्रिगरवर नाही आणि नळी कायम निशाण्याच्या दिशेने.

स्नेह्यांनी रायफल टेकवून 50 मीटरवर पाच-पाच गोळ्या झाडल्या. एका कंपनीच्या काडतुसांनी छिद्रं विखुरली, दुसऱ्या कंपनीच्या काडतुसांनी ती एकत्र आली. प्रत्येक नळीला कोणतं काडतूस मानवतं हे असं झाडूनच कळतं. मग दुर्बीण बसवली. तिचा स्क्रू एक 'क्लिक' फिरवला की 50 मीटरवर निशाणा साधारण साडेतीन मिलिमीटर सरकतो. छिद्रांचा पुंजका डावीकडे पडत होता. सात-आठ क्लिकनंतर तो मध्यावर आला.

भाचीचे डोळे चमकले. "दुर्बीण असली की झालं!" स्नेही हसले. म्हणाले, "दुर्बिणीने छिद्र मध्यावर आणता येतं, बेटा. पण विखुरलेली छिद्रं एकत्र आणायला स्थिर हात आणि आवरलेला श्वास लागतो."

ऑलिम्पिकच्या 50 मीटर रायफल स्पर्धेत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. नेम बारीक छिद्राच्या साइटमधून धरायचा असतो आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त 10.4 मिलिमीटरचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच साइटवर 451.4 गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, अशा तिन्ही स्थितींत. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली होती. दोघांचीही सुरुवात शिकण्यापासून झाली, खरेदीपासून नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही कायद्याचंही बोललो. पॉइंट टू टू रायफलला 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. नांदेड-लातूरकडे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस चौकशी होते. प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवावा लागतो. 10 मीटर स्पर्धेच्या, ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला मात्र परवाना लागत नाही. तरी पावती आणि कागद जपून ठेवावेत, रायफल कुलपात ठेवावी आणि सराव प्रशिक्षकासमोरच करावा.

घरी आल्यावर हे सगळं नानींना सांगितलं. नोंद, परवाना, कुलूप हे शब्द ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे चोरून-लपून काही नाही?" त्यांनी विचारलं. "उलट नानी, प्रत्येक गोळी कागदावर," भाची म्हणाली.

ठरलं ते असं: दोन वर्षं एअर रायफल, तीही आधी क्लबची. रायफलचा विचार त्यानंतर. वाचकहो, तुमच्या घरीही अशी एखादी मुलगी असेल तर तिला नुसतं "नाही" म्हणून गप्प बसवू नका. एकदा तिच्यासोबत रेंजवर जा आणि मागे उभं राहून पाहा.